सिंपलप्लेन्समध्ये मिग-१५: आकड्यांशी इमान राखणारी प्रतिकृती कशी बांधावी

सिंपलप्लेन्स या विमानं बांधून उडवण्याच्या गेममध्ये मिग-१५ हे सोव्हिएत लढाऊ जेट बांधायला घेणारे बहुतेक जण पंखांपासून सुरुवात करतात. मागे झुकलेले पंख हीच त्या विमानाची ओळख, त्यामुळे ते साहजिकही आहे. तरी माझा सल्ला असा की सुरुवात इंजिनापासून करावी. पहिल्या पिढीच्या जेट विमानांत बाकी सगळा आकार इंजिनाने ठरवलेला असतो. ते एकदा ध्यानात आलं की धड इतकं जाड का, नाकाला एवढं मोठं तोंड का, शेपटीचा आडवा पंख इतक्या उंचावर का, या प्रश्नांची उत्तरं मिळत जातात आणि बांधताना हात अडखळत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने रोल्स-रॉइसची नीन इंजिनं सोव्हिएत संघाला विकली. त्यांची नक्कल म्हणजे आरडी-४५, आणि तिच्यात सुधारणा करून झालं क्लिमोव्ह व्हीके-१. या इंजिनाचा कॉम्प्रेसर (हवा दाबणारा भाग) सेंट्रिफ्युगल, म्हणजे हवा मधून आत घेऊन कडेला भिरकावणारा. असं इंजिन लांबीला कमी आणि घेराला मोठं असतं. व्हीके-१ चा व्यास सुमारे १.३ मीटर. त्याच्याभोवती पत्रा गुंडाळला की पिंपासारखं धड तयार होतंच. अमेरिकेच्या एफ-८६ सेबर या लढाऊ विमानातलं जे-४७ इंजिन अ‍ॅक्सियल जातीचं, म्हणजे हवा सरळ मागे नेत दाबणारं, लांब आणि सडपातळ. दोन्ही विमानांचे पंख जवळजवळ सारख्याच कोनात झुकलेले असूनही बाजूने पाहताना ती इतकी वेगळी का दिसतात, याचं मोठं कारण हेच.

आधी आकडे कागदावर

इथे आपण मिग-१५ बिस ही सुधारित आवृत्ती बांधतो आहोत, कारण तिचे आकडे सहज सापडतात आणि एकमेकांशी जुळतातही. पंखांचा पसारा १०.०८ मीटर. लांबी त्याहून जेमतेम थोडी जास्त, त्यामुळे वरून पाहिलं की विमान एका चौकोनात बसतं. उंची ३.७ मीटर. पंखांचं क्षेत्रफळ २०.६ चौरस मीटर. रिकामं वजन साधारण ३,६८० किलो, इंधन आणि दारूगोळा भरून ४,९६० किलोच्या आसपास. थ्रस्ट (इंजिनाचा पुढे ढकलणारा जोर) २,७०० किलो, म्हणजे २६.५ किलोन्यूटन. समुद्रसपाटीला कमाल वेग ताशी १,०७६ किलोमीटर.

यातून स्वतः दोन आकडे काढून ठेवा. ४,९६० ला २०.६ ने भागलं की पंखांवरचा भार दर चौरस मीटरला सुमारे २४० किलो येतो. २,७०० ला ४,९६० ने भागलं की थ्रस्ट आणि वजनाचं गुणोत्तर ०.५४ येतं. गेमच्या डिझायनरमधल्या, म्हणजे बांधणीच्या पडद्यावरच्या, माहितीच्या चौकटीत वजन, पंखांचं क्षेत्रफळ, पंखांवरचा भार हे सगळं दिसत असतं. बांधणी पुढे सरकेल तशी नजर त्या चौकटीवर ठेवा. दिसायला हुबेहूब पण हवेत रॉकेटसारखी सुटणारी प्रतिकृती मला पटत नाही. ०.५४ गुणोत्तराचं विमान जड चालतं, वेग हळूहळू कमावतं, आणि एकदा कमावलेला वेग वळणात उधळला की तो परत मिळवायला वेळ लागतो. त्या काळच्या वैमानिकाला नेमकं हेच जाणवत होतं, आणि ते आपल्यालाही जाणवलं पाहिजे.

आराखडा आणि मोजमाप

गेममध्ये ब्लूप्रिंटची सोय आहे. बाजूचं, वरचं आणि समोरचं रेखाचित्र लावून त्यावर बांधता येतं. फोटो वापरू नका. फोटोत जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसतं, त्यामुळे नाक फुगतं आणि शेपूट आखडते. तीन बाजूंचं रेखाचित्र घ्या, आणि तिन्ही चित्रांत लांबी, पसारा व उंची यांचं प्रमाण वरच्या आकड्यांशी जुळतं का ते आधी तपासा. जुळत नसेल तर ते चित्र सोडून द्या. बांधून झाल्यावर चूक शोधण्यापेक्षा दुसरं चित्र शोधणं स्वस्त पडतं.

मापासाठी एक सोपी युक्ती आहे. कॉकपिटला आडवा एक साधा ठोकळा जोडा, माहितीच्या चौकटीत पसारा १०.०८ मीटर दिसेपर्यंत तो लांब करा, आणि ब्लूप्रिंटमधले पंख त्या लांबीवर बसेपर्यंत चित्र लहानमोठं करा. मग ठोकळा काढून टाका.

धड

धड फ्यूजलाज ब्लॉकने बांधायचं. पुढून मागे सहा-सात तुकडे पुरतात: नाकाची कड, कॉकपिटच्या पुढचा भाग, कॉकपिट, पंखांच्या वरचा सर्वांत जाड भाग, आणि मग शेपटीकडे निमुळते होत जाणारे दोन-तीन तुकडे. कोपरे गोलाकार ठेवा. जाड भागाचा व्यास दीड मीटरच्या किंचित आत येतो. खरं सौंदर्य मागच्या निमुळतेपणात आहे. धड सरळ शंकूसारखं बारीक होत नाही, आधी हळू आणि शेवटी जरा झपाट्याने होतं. एकाच लांब तुकड्यात हे साधायला गेलात तर विमान बाटलीसारखं दिसेल.

नाकाला इनलेटचा भाग लावा. गेममध्ये जेट इंजिनाला हवा पुरवावी लागते, त्यामुळे हे तोंड शोभेचं नाही. मूळ विमानात तोंडाच्या मधोमध उभा पडदा आहे. तिथून हवेचे दोन रस्ते फुटतात आणि कॉकपिटच्या दोन्ही बाजूंनी मागे इंजिनाकडे जातात. वैमानिक जवळजवळ हवेच्या नळीतच बसलेला असतो. पातळ ठोकळ्याचा हा पडदा विसरू नका. तो नसेल तर तोंड नुसतं भोक वाटतं. तोंडाच्या वरच्या कडेला गन-कॅमेऱ्याचा छोटा उंचवटा असतो, तोही द्या. पंखांच्या मागे धडाभोवती एक बारीक जोडरेषाही काढा. इंजिन काढायचं झालं की मागचं अख्खं धड तिथून सुटं करत असत.

इंधन इथेच भरायचं. फ्यूजलाज ब्लॉकला इंधनाचं आणि निव्वळ वजनाचं अशा दोन्ही सोयी आहेत. मूळ विमानात आतल्या टाक्यांत सुमारे १,४०० लिटर, म्हणजे ११७० किलोच्या आसपास इंधन मावायचं, आणि त्यातलं बहुतेक कॉकपिटच्या मागे, पंखांच्या वर होतं. तुम्हीही ते तिथेच ठेवा. शेपटीत इंधन भरलंत तर अर्धी टाकी संपेपर्यंत विमानाचा स्वभाव बदलून जाईल.

पंख

गेमचे तयार पंख दिसायला चपटे असतात. म्हणून पंख दोन थरांत बांधावा: आत लिफ्ट (उचल) देणारा खरा पंख, बाहेर पातळ फ्यूजलाज ब्लॉकचं कवच. कवचाचा ड्रॅग (हवेचा विरोध) भागांचे गुणधर्म बदलण्याच्या प्रॉपर्टी एडिटरमधून शून्य करा आणि वजन जवळपास शून्यावर आणा. नाहीतर एकाच पंखाचा ड्रॅग दोनदा मोजला जातो.

झुकाव ३५ अंशांचा, पण तो पंखाच्या पुढच्या कडेवर मोजायचा नाही. पुढच्या कडेपासून कॉर्डच्या, म्हणजे पंखाच्या पुढून मागच्या रुंदीच्या, पाव अंतरावर जी रेषा येते, तिचा हा कोन आहे. पंख टोकाकडे निमुळता होत असल्यामुळे पुढची कड त्याहून दोनेक अंश जास्त झुकलेली दिसते. हा फरक लहान वाटला तरी पुढची कड ३५ अंशांवर बसवली की क्षेत्रफळ आणि टोकाची जागा दोन्ही चुकतात. सरासरी कॉर्ड २०.६ भागिले १०.०८, म्हणजे २.०४ मीटर. क्षेत्रफळ शेपूट जोडण्याआधीच वाचून घ्या, म्हणजे आडव्या शेपटीचं क्षेत्रफळ त्यात मिसळणार नाही.

पंख मुळापासून टोकाकडे २ अंश खाली उतरतात. ५.०४ मीटरच्या अर्ध्या पसाऱ्यावर हा उतार १७-१८ सेंटिमीटरचा भरतो. मागे झुकलेला पंख विमानाला आडवं स्थिर ठेवण्याचं काम आपणहून करतो. ती स्थिरता गरजेपेक्षा जास्त झाली तर विमान एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला डोलत राहतं. खालचा उतार ती आटोक्यात ठेवतो. पंख १ अंश नाक-वर कोनात बसवा आणि त्याच्या छेदाचा आकार सममितीय निवडा. अर्ध-सममितीय पंखाने हे विमान मला कधी नीट उडवता आलं नाही. वेग वाढला की नाक आपोआप वर जायला लागतं आणि सगळा वेळ ट्रिममध्ये, म्हणजे नाक सरळ राखण्यात, जातो.

प्रत्येक पंखावर दोन उभ्या पट्ट्या असतात, एकूण चार. झुकलेल्या पंखावरची हवा टोकाकडे घसरते, टोकं आधी लिफ्ट गमावतात आणि एलेरॉन (पंखांवरच्या, विमान कलवणाऱ्या झडपा) निकामी होतात. या पट्ट्या ती हवा अडवतात. गेममध्ये त्यांचा उपयोग दिसण्यापुरताच, तरी त्या समोरच्या कडेपासून मागपर्यंत उड्डाणाच्या दिशेला समांतर हव्यात, पंखाच्या कडेला काटकोनात नव्हे. ही चूक फार दिसते.

वस्तुमानकेंद्र

इथे घाई करू नका, कारण बहुतेक प्रतिकृती इथेच फसतात.

सरळ पंखाच्या विमानात लिफ्टचा केंद्रबिंदू पंखाच्या मुळाजवळ शोधायची सवय लागते. झुकलेल्या पंखात तो बराच मागे सरकतो. या पंखाची सरासरी जागा मध्यरेषेपासून सुमारे २.३ मीटर बाहेर येते. ३५ अंशांच्या टॅनची किंमत ०.७. दोन्हींचा गुणाकार १.६ मीटर. म्हणजे मध्यरेषेवर पंखाचा पाव-कॉर्ड बिंदू जिथे असेल, त्याच्या तब्बल १.६ मीटर मागे पंखाची लिफ्ट एकवटते. वस्तुमानकेंद्र या जागेच्या आसपास आणायचं. शेपटीची भर पडून एकूण लिफ्टचा निळा गोळा आणखी थोडा मागे जातो, आणि वस्तुमानाचा लाल गोळा त्याच्या थोडा पुढे राहिला पाहिजे.

मूळ विमानात शेपटीकडे जड इंजिन आणि नाकाकडे तोफा असा तोल होता. ३७ मिलिमीटरची एन-३७ तोफ १०३ किलोची, २३ मिलिमीटरच्या दोन एनआर-२३ प्रत्येकी ३९ किलोच्या. तीन तोफा मिळून १८१ किलो, शिवाय गोळ्या, आणि हे सगळं नाकाच्या तळाशी. गेममधल्या तोफा इतक्या जड नसतात, म्हणून तेवढं वजन नाकाच्या ब्लॉकमध्ये वेगळं द्या. कॉकपिटमध्ये वैमानिक, आसन आणि चिलखत यांचं वजन द्या. मग इंजिनाच्या जागी इंजिनाचं. वजन जिथे खरोखर होतं तिथे ठेवलंत तर लाल गोळा जवळजवळ आपोआप जागेवर येतो, आणि तो आला की आकार बरोबर बसल्याची ती उत्तम पावती असते. नुसता लाल गोळा हलवण्यासाठी कुठेतरी वजन कोंबलं तर विमान स्थिर होईल, पण त्याचं जडत्व खोटं राहील आणि नाक उचलताना ते जाणवेल.

एकदा पूर्ण टाकीने तपासा, एकदा जवळजवळ रिकाम्या टाकीने. दोन्ही वेळा लाल गोळा निळ्याच्या पुढे राहिला पाहिजे.

शेपूट

उभी शेपूट मोठी आणि खूप झुकलेली, आडवी तिच्या मध्याच्या बरीच वर, ४० अंशांच्या झुकावाने. आडव्या शेपटीचा झुकाव पंखांपेक्षा जास्त ठेवण्यामागे विचार असा की ध्वनिवेगाजवळचा त्रास आधी पंखाला व्हावा, शेपटीला नंतर, म्हणजे एलेव्हेटर (आडव्या शेपटीवरची, नाक वर-खाली करणारी झडप) शेवटपर्यंत हाताशी राहतो. पूर्ण हलणारी आडवी शेपूट बसवू नका. मिग-१५ ला साधा एलेव्हेटर होता, आणि तिच्या वागणुकीचं रहस्य तिथेच आहे.

इंजिन आणि थ्रॉटल

धडाच्या शेवटी जेट इंजिनाचा भाग बसवा आणि पॉवर मल्टिप्लायरने थ्रस्ट-वजन गुणोत्तर ०.५४ वर आणा. आफ्टरबर्नर (जादा इंधन जाळून जोर वाढवणारी सोय) नको, या विमानाला तो नव्हता.

थ्रॉटल पुढे ढकलताच इंजिन गर्जून उठतं, हे मात्र आधुनिक विमानाचं लक्षण झालं. व्हीके-१ सारख्या इंजिनाला निष्क्रिय फेऱ्यांवरून पूर्ण जोरावर यायला कित्येक सेकंद लागत. गेमच्या फंकी ट्रीज या सूत्रपद्धतीत स्मूथ नावाचं फंक्शन आहे. इंजिनाच्या इनपुटमध्ये नुसतं थ्रॉटल न ठेवता त्याला स्मूथमध्ये घाला आणि दर ०.१ द्या. शून्यापासून पूर्ण जोरापर्यंत १० सेकंद लागतील. उतरताना जोर फार लवकर काढलात तर तो वेळेवर परत मिळणार नाही, म्हणून जोर राखूनच उतरायची सवय लागते.

वागणूक बसवणं

बिस आवृत्तीत एलेरॉनला हायड्रॉलिक मदत होती, एलेव्हेटर आणि रडरला (उभ्या शेपटीवरच्या झडपेला) नव्हती. वेग वाढला की एलेव्हेटर वैमानिकाच्या हाताच्या ताकदीवर अवलंबून राहायचा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, हाताचा जोर मात्र तेवढाच राहतो. म्हणून एलेव्हेटर किती वळेल ते वेगाच्या वर्गाने कमी होत जातं. हे सूत्रात मांडता येतं. पिचला (नाक वर-खाली करण्याच्या इनपुटला) अशा संख्येने गुणा: ११० भागिले आयएएस (वेगमापकावर दिसणारा वेग), त्याचा वर्ग. ती संख्या क्लॅम्प फंक्शनने ०.१२ आणि १ च्या दरम्यान बांधा. गेम आयएएस मीटर प्रति सेकंदात देतो, त्यामुळे ११० म्हणजे ताशी ४०० किलोमीटरच्या जवळपास. त्याखाली एलेव्हेटर पूर्ण वळतो, त्यावर तो जड होत जातो. एलेरॉनला हे सूत्र लावू नका. नाक जड, पण गिरकी हलकी, असं विमान हातात येईल.

ध्वनिवेगाजवळची वागणूकही सूत्राने घडवावी लागते. ध्वनीचा वेग समुद्रसपाटीला सुमारे ३४० मीटर प्रति सेकंद, ११ किलोमीटर उंचीवर २९५. म्हणून ३४० मधून उंचीच्या ०.००४१ पट वजा करा आणि टीएएसला (हवेतल्या खऱ्या वेगाला) त्या उत्तराने भागा, मॅक आकडा, म्हणजे ध्वनिवेगाच्या तुलनेतला वेग, मिळाला. तो ०.९२ च्या वर गेला की मूळ विमानात मागच्या धडावरचे एअरब्रेक आपोआप उघडत. तुमच्या एअरब्रेकच्या हिंज रोटेटरला (बिजागरासारख्या फिरणाऱ्या भागाला) अशी अट द्या की ब्रेक दाबला किंवा मॅक ०.९२ ओलांडला तर उघड. त्या वेगाला एक पंख अचानक खाली पडण्याची खोडही या विमानाला होती, दोन पंखांच्या बांधणीतल्या बारीक फरकामुळे. हवी असेल तर मॅक ०.९ नंतर रोलमध्ये (विमान कलवण्याच्या इनपुटमध्ये) अगदी छोटी संख्या मिळवा. मी ती ठेवतो, पण गेम नव्याने शिकणाऱ्याला विमान देणार असाल तर काढून टाका.

फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, खाली उतरणाऱ्या झडपा) उड्डाणासाठी २० अंश आणि उतरण्यासाठी ५५ अंश. चाकांपैकी मागची दोन पंखांतून आत, धडाकडे मिटतात आणि नाकाचं चाक पुढे मिटतं. मूळ नाकाचं चाक मोकळं फिरायचं, जमिनीवर वळण घ्यायला ब्रेक वापरत. गेममध्ये नाकाच्या चाकाला थोडं वळण देण्याची सूट मी घेतो, कारण त्याचा हवेतल्या वागण्याशी संबंध नाही.

तोफा

एन-३७ उजवीकडे, दोन एनआर-२३ डावीकडे, नाकाच्या खालच्या बाजूला. मूळ विमानात तिन्ही तोफा एकाच पाटावर बसवलेल्या होत्या आणि तो अख्खा पाट खाली उतरवता येत असे. प्रॉपर्टी एडिटरमध्ये एन-३७ ला ४० गोळ्या आणि सेकंदाला ६.७ चा वेग द्या, एनआर-२३ ला प्रत्येकी ८० गोळ्या आणि सेकंदाला १४ च्या आसपास. हिशेब केलात तर तिन्ही तोफा जेमतेम सहा सेकंदांत रिकाम्या होतात. हा आकडा वाढवण्याचा मोह टाळा. हे विमान मुळात मोठ्या बॉम्बर विमानांवर चालून जाण्यासाठी होतं, थोड्याच पण जबर फटक्यांसाठी.

चाचणी, याच क्रमाने

आधी गेममधल्या राइट विमानतळावरून उड्डाण. फ्लॅप २० अंश, ताशी २०० ते २३० किलोमीटरला चाकं जमीन सोडतात. त्याआधीच सुटत असेल तर वजन कमी पडलं आहे किंवा पंख मोठा झाला आहे. मग समुद्रसपाटीला पूर्ण जोर देऊन वेग स्थिर होईपर्यंत सरळ उडा. २९९ मीटर प्रति सेकंद यायला हवा. जास्त आला तर थ्रस्टला हात लावू नका, ड्रॅग वाढवा. थ्रस्ट कमी करून वेग जुळवलात तर वर चढण्याचा दर बिघडतो. तो समुद्रसपाटीजवळ सेकंदाला ५० मीटरच्या आसपास असायला हवा, म्हणजे ५,००० मीटरला पोहोचायला साधारण दोन मिनिटं. वेग आणि चढ दोन्ही जुळले की थ्रस्ट, वजन आणि ड्रॅग तिन्ही खरे आहेत असं धरायला हरकत नाही. मग ५,००० मीटरवर ताशी ९०० किलोमीटरला स्टिक पूर्ण मागे ओढा. नाक जडपणे, वेळ घेत वर आलं तर सूत्र बरोबर बसलं. झटक्यात आलं तर ११० चा आकडा थोडा खाली आणा.

रंगाचं काम सोपं आहे: उघड्या धातूची किंचित मंद चमक. त्यावर जास्त वेळ घालवू नका, कॉकपिटवर घाला. मिग-१५ च्या उपकरणांच्या फळीवर मधोमध एक उभी पांढरी रेघ रंगवलेली असे. विमान स्पिनमध्ये, म्हणजे गरगर फिरत खाली पडण्यात, सापडलं आणि वैमानिकाला दिशेचं भान राहिलं नाही, तर स्टिक त्या रेघेशी जुळवून मध्यावर धरायची. ती एक पातळ पट्टी नक्की लावा, आणि कॉकपिटच्या आतून उडताना ती नजरेच्या रेषेत येते ना ते पाहा.